नागरी वाहतूक-प्रकल्पांच्या टिकाऊपणाचे मोजमाप

रस्ता, पूल, ट्राममार्ग, लोहमार्ग, बससेवा यांसारखा वाहतूक-प्रकल्प ज्या लोकांसाठी उभारला त्यांच्या तो किती काळ उपयोगी पडेल, त्याचा चालू खर्च भागविण्याची तजवीज कितपत राहील आणि त्यापायी परिसरावर व इतर लोकांवर पडणारा भार पुढील पिढ्यांना सोसण्याजोगा असेल किंवा नाही, हे ठरविण्याच्या रीतींना प्रकल्पाच्या टिकाऊपणाचे मोजमाप असे म्हणतात. ही संज्ञा अलीकडची असली, तरी तिच्यामागील प्रश्न जुना आहे. महाराष्ट्रात तो निदान दीडशे वर्षे वेगवेगळ्या नावांनी विचारला गेला आहे. उत्तर मात्र दर वेळी हिशेबाच्या वहीत कोणते रकाने आखले होते, त्यांवर अवलंबून राहिले.

मराठीत ‘टिकाऊ’ हे विशेषण मुख्यतः वस्तूला लागते. घोंगडी टिकाऊ असते, भांडे टिकाऊ असते. वाहतुकीत वस्तू टिकणे आणि सेवा टिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुण्यात विद्यापीठ चौकात बांधलेले उड्डाणपूल सु. दीड दशकातच, २०२० मध्ये, मेट्रो मार्ग व नवा दुमजली पूल यांना जागा करून देण्यासाठी पाडण्यात आले. त्यांचे काँक्रीट अद्याप जीर्ण झालेले नव्हते. प्रकल्प मात्र संपला होता. याउलट बार्शी लाइट रेल्वेचे मूळचे रूळ, एंजिने व डबे आज त्या मार्गावर नाहीत, तरी लातूर, मुरुड व बार्शी यांना जोडणारी रेल्वेची सेवा नव्या रूपात चालू आहे. ‘शाश्वत’ हा पर्यायी शब्द आता शासकीय लेखनात रूढ झाला आहे. कधीही नाश न पावणारे असा त्याचा मूळ अर्थ असल्याने तो कोणत्याही रस्त्याला किंवा गाडीला शोभत नाही, म्हणून प्रस्तुत लेखात ‘टिकाऊपणा’ हाच शब्द योजिला आहे.

मोजमापाची सर्वांत जुनी रीत भागधारकाची होय. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी हे तिचे पहिले मार्ग होत. सुरुवातीस कुलाबा ते पायधुणी प्रवासाचे भाडे तीन आणे होते आणि तिकीट दिले जात नसे. उतारूंची संख्या वाढल्यावर भाडे दोन आण्यांवर आणण्यात आले व त्याच वर्षी फुकट प्रवासाला आळा घालण्यासाठी तिकिटे आली. उतारू मोजण्याची सोय अशा रीतीने महसुलाच्या गरजेतून निर्माण झाली, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. जो उतारू पैसे देत नाही किंवा गाडीत चढूच शकत नाही, तो या मोजणीत कोठेच येत नाही. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली, १५ जुलै १९२६ रोजी बस आली. तथापि हिशेबाची तत्त्वे तीच राहिली. भांडवलावर परतावा मिळतो तोवर सेवा टिकाऊ, असा तो सरळ हिशेब होता. ७ ऑगस्ट १९४७ रोजी कंपनी महानगरपालिकेच्या मालकीची झाली, त्यानंतर भाडे व तोटा हे सार्वजनिक वादाचे विषय बनले.

परताव्याच्या या रीतीचे गुणदोष मुंबईपेक्षा बार्शी-लातूर भागात अधिक स्पष्ट दिसतात. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबई-सोलापूर मार्ग बार्शी या व्यापारी गावाला दूर ठेवून गेला होता. बार्शीसाठी उतरावयाचे ते कुर्डुवाडीस. म्हणूनच त्या स्थानकाला ‘बार्सी रोड’ असे नाव होते. हे अंतर भरून काढण्यासाठी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने दोन फूट सहा इंच रुंदीच्या अरुंदमापी मार्गाची योजना पुढे आणली. कुर्डुवाडी ते बार्शी हा टप्पा १८९७ मध्ये, कुर्डुवाडी ते पंढरपूर १९०६ मध्ये, बार्शी ते तडवळे १९०७ मध्ये आणि तडवळे ते लातूर १९११ मध्ये खुला झाला. लातूर जिल्ह्यातील मुरुड या शेवटच्या टप्प्यावर येते. (रायगड जिल्ह्यातील मुरुड-जंजिरा व दापोलीजवळचे मुरुड ही गावे निराळी.) लातूर त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात, तर बार्शी ब्रिटिश मुलखात होती, म्हणजे हा छोटा मार्ग दोन राजवटींच्या सीमा ओलांडून जात होता. पंढरपूर ते मिरज हा टप्पा १९२७ मध्ये पूर्ण झाल्यावर मार्गाची एकूण लांबी सु. ३२५ कि.मी. झाली.

कॅलथ्रॉपचा विचार आजच्या वाचकालाही विचक्षण वाटेल असा आहे. कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार पडू द्यावयाचा नाही, ही मर्यादा त्याने एंजिनापासून मालडब्यापर्यंत सर्व वाहनांना सारखीच लावली. एंजिनाचे वजन अनेक चाकांवर वाटून दिले, डब्यांचे सांगाडे दाबीव पोलादाचे केले. मार्गावरील जड व हलक्या वाहनांतील तफावत अशा रीतीने नाहीशी झाल्याने हलके रूळ पुरे पडले आणि थोड्या भांडवलात लोहमार्ग उभा राहिला. ज्या प्रदेशात रुंदमापी मार्गाचा खर्च निघणे अशक्य मानले जाई, तेथे कापूस, गळिताची धान्ये व पंढरपूरचे वारकरी यांच्या जोरावर ही कंपनी चालली. भारत सरकारने १ जानेवारी १९५४ रोजी ती विकत घेतली. कॅलथ्रॉपच्याच तत्त्वांवर इंग्लंडमध्ये १९०४ साली खुला झालेला लीक व मॅनिफोल्ड खोऱ्यातील अरुंदमापी मार्ग मात्र १९३४ मध्ये बंद पडला. दोन्ही मार्गांमागील अभियांत्रिकी विचार एकच होता. प्रदेशाची गरज व तेथील पर्यायी साधने भिन्न होती. टिकाऊपणा हा यंत्राचा किंवा रुळांचा अंगभूत गुण नसून ज्या प्रदेशाशी प्रकल्पाचे नाते जडते त्या नात्याचा गुण आहे, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

या स्वस्ताईची एक किंमत होती व ती कंपनीच्या वहीत पूर्णपणे उतरत नव्हती. रुळांची रुंदी निराळी असल्याने लातूर-मुरुडकडून मुंबईकडे जाणारा माल कुर्डुवाडीस एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. त्यातील हमाली, मोडतोड व खोळंबा यांचा भार बव्हंशी व्यापाऱ्यावर आणि अखेरीस शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावावर पडे. बांधणीच्या वेळी वाचलेले भांडवल आणि नंतर पिढ्यान्‌पिढ्या मोजावी लागलेली ही किंमत यांची एकत्र बेरीज झाली असती, तर अरुंदमापी मार्गाचा निर्णय चुकीचा ठरला असता काय? प्रस्तुत लेखकाच्या मते नाही. कारण दुसरा पर्याय रुंदमापी मार्ग हा नसून बैलगाडी हा होता. प्रकल्पाची तुलना कशाशी करावयाची, हा प्रश्न मोजमापाच्या आधीचा आहे.

भागधारकाच्या हिशेबाबाहेरचा लाभ मोजण्याची कल्पना यूरोपात त्यापूर्वीच मांडली गेली होती. फ्रेंच अभियंता झ्यूल द्यूप्यूई याने १८४४ मध्ये असे दाखविले की, पुलाचा लोकांना होणारा उपयोग हा पुलावर जमणाऱ्या पथकराहून निराळा व सामान्यतः अधिक असतो. या विचाराला व्यावहारिक रूप येण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. लंडनच्या व्हिक्टोरिया या भुयारी लोहमार्गाचा फॉस्टर व बीस्ली यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास त्या दृष्टीने प्रमाण मानला जातो. त्या मार्गाच्या लाभाचा मोठा भाग त्याने प्रवास न करणाऱ्यांना, म्हणजे रस्त्यांवरची गर्दी कमी झाल्याने तेथेच राहिलेल्या प्रवाशांना मिळतो, असे त्यांनी दाखविले. तेव्हापासून वाचलेल्या वेळेचे पैशांत रूपांतर करणे हा प्रकल्प-मूल्यमापनाचा कणा बनला.

हीच रीत भारतात आली तेव्हा मात्र वेळ कोणाचा, हा प्रश्न मागे पडला. मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास करण्याचे काम १९६२ मध्ये विल्बर स्मिथ अँड असोसिएट्स या अमेरिकी संस्थेकडे गेले. तिने सुचविलेल्या द्रुतगती रस्त्यांच्या कल्पना पुढील अर्धशतक शहराच्या नियोजनावर छाया टाकून राहिल्या. त्याच सुमारास ट्रामचा शेवट जवळ आला. ३१ मार्च १९६४ रोजी रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम धावली. ट्राम संथ होती, तिचे रूळ रस्त्याचा मध्य अडवीत, हे खरे आहे. परंतु वाहनांचा वेग हेच माप धरले, म्हणजे एक मोटार व उतारूंनी भरलेली एक ट्राम यांची गणना रस्त्यावरील दोन वाहने अशी होते. माणसे मोजली असती, तर निदान काही मार्गांवर निष्कर्ष निराळा निघाला असता, असे म्हणावयास जागा आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९७७ मध्ये हाती घेतलेल्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात उड्डाणपुलांबरोबर बेस्टच्या बसगाड्यांनाही स्थान मिळाले, हा त्या दृष्टीने बदल म्हणावा लागेल.

ब्रुंटलँड आयोगाचा अहवाल १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्तमानकाळाच्या गरजा भागविताना भावी पिढ्यांच्या गरजा भागविण्याची क्षमता खुंटू नये, या त्यातील सूत्राने मोजमापाची भाषा बदलली. आर्थिक, सामाजिक व पर्यावरणीय अशा तीन अंगांनी प्रकल्प तपासण्याची प्रथा त्यातून रूढ झाली. भारतात पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाची अधिसूचना २७ जानेवारी १९९४ रोजी निघाली व १४ सप्टेंबर २००६ रोजी तिची जागा नव्या अधिसूचनेने घेतली. महामार्गांना तीत स्थान आहे. लोहमार्ग व मेट्रो यांना मात्र तिच्या अनुसूचीत स्थान देण्यात आले नाही. मेट्रोमुळे धूर कमी होतो, हे गृहीत धरून मेट्रोला या तपासणीतून वगळणे म्हणजे उत्तर आधी लिहून मग गणित न मांडण्यासारखे आहे. कारशेड, भराव, वृक्षतोड व भूजल यांविषयीचे वाद मग न्यायालयांत जातात, कारण ते मोजण्याची जागाच आधीच्या प्रक्रियेत ठेवलेली नसते.

सामाजिक अंग मोजण्याचा सर्वांत कठीण धडा मुंबईस २००२ मध्ये मंजूर झालेल्या नव्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाने दिला. उपनगरी गाड्यांतील गर्दी हे त्या प्रकल्पाचे मुख्य कारण होते. सु. १,७०० प्रवाशांसाठी असलेल्या नऊ डब्यांच्या गाडीत गर्दीच्या वेळी सु. ४,५०० प्रवासी कोंबले जात आणि उभ्या प्रवाशांचे प्रमाण दर चौरस मीटरला चौदा ते सोळा एवढे होई. या स्थितीसाठी रेल्वेच्या परिभाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असा शब्दप्रयोग रूढ झाला. माणसांच्या गर्दीला अशी संज्ञा द्यावी लागली, यातच तो प्रकल्प किती आवश्यक होता हे दिसते. परंतु रूळ व रस्ते वाढविण्यासाठी ज्यांना हलवावे लागणार होते त्यांची मोजणी कमी पडली. प्रारंभी सु. ८०,००० मानलेली विस्थापितांची संख्या सु. १,२०,००० वर गेली. कुर्ला भागातील दुकानदारांनी २००४ मध्ये बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार केली. तिचा आशय असा होता की, दुकानाच्या बदल्यात दुकान मिळाले, तरी गिऱ्हाईक मिळत नाही. घरांच्या व गाळ्यांच्या क्षेत्रफळाचा हिशेब झाला होता, रस्त्याकडेच्या जागेमुळे होणाऱ्या धंद्याचा झाला नव्हता. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसन या भागांचे अर्थसाहाय्य स्थगित केले व सुधारणांनंतर जूनमध्ये ते पुन्हा सुरू केले. ज्या बाबीला हिशेबात रकाना नव्हता, तिनेच प्रकल्प काही काळ रोखून धरला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण जाहीर केले. वाहने नव्हे तर माणसे हलविणे हे नियोजनाचे उद्दिष्ट असावे, हे त्याचे मुख्य तत्त्व होय. १९६४ मध्ये जे माप नव्हते ते बेचाळीस वर्षांनी धोरणात आले. डिसेंबर २००६ मध्ये पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर देशातील पहिली जलद बस-मार्गिका सुरू झाली. तत्त्व नवे असले, तरी मोजणीची सवय जुनीच राहिली. किती किलोमीटर मार्गिका बांधली हे मोजले गेले. मधल्या थांब्यापर्यंत रस्ता ओलांडून वृद्ध माणूस कसा पोहोचतो, गाड्या पुरेशा आहेत किंवा नाहीत, मार्गिकेत शिरणाऱ्या मोटारी कोण अडवितो, या बाबी गौण ठरल्या. नगर रस्त्यावरील मार्गिका पुढे काढून टाकण्यात आल्या. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००९ मध्ये नागरी वाहतुकीसाठी सेवा-निकष प्रसिद्ध केले. त्यांत सार्वजनिक वाहतूक, पादचाऱ्यांची सोय, बिनमोटार वाहने, प्रवासाचा वेग, वाहनतळ, रस्त्यांवरील सुरक्षितता, प्रदूषण, जमीन-वापराशी सांगड व बससेवेची आर्थिक स्थिती इत्यादींना चार पायऱ्यांची श्रेणी लावावयाची असते. हे निकष उपयुक्त आहेत, कारण ते बांधकामापेक्षा सेवेकडे पाहतात. ऑगस्ट २०१७ च्या मेट्रो धोरणाने प्रकल्पाच्या मंजुरीसाठी निव्वळ वित्तीय परताव्याऐवजी समाजाला मिळणारा आर्थिक परतावा हा निकष धरला आणि त्याची किमान मर्यादा १४ टक्के ठेवली. द्यूप्यूईचा विचार अशा रीतीने शासकीय नियमात आला. तथापि हा परतावा ज्या प्रवासीसंख्येवर काढतात ती अंदाजाची असते, आणि अंदाज चुकल्यास कोणी जबाबदार राहत नाही.

या सर्व मापांचा एक समान दोष लातूरसारख्या शहरात लक्षात येतो. ती महानगरपालिकेच्या हद्दीपाशी थांबतात. लातूर नगरपरिषदेची महानगरपालिका २०११ मध्ये झाली. शिकवणी वर्गांमुळे, बाजार समितीमुळे व रुग्णालयांमुळे शहरात येणारा मोठा वर्ग मुरुड, औसा, रेणापूर यांसारख्या गावांतून व त्यांच्या पंचक्रोशीतून येतो. त्याचा प्रवास नागरी असतो, पण नागरी निकषांत तो मोजला जात नाही. मराठवाड्यात याविषयीचा एक जुना दाखला आहे. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ मध्ये २७ बसगाड्या घेऊन रस्ता-वाहतूक विभाग सुरू केला. रूळ व रस्ता ही एकाच खात्याची दोन अंगे होती. एका अंगाचा तोटा दुसऱ्याच्या मिळकतीतून भरून काढणे अशा व्यवस्थेत शक्य असते. ती सेवा पुढे राज्याच्या परिवहन व्यवस्थेत, व १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली, आणि एस.टी. व रेल्वे यांचे हिशेब कायमचे वेगळे झाले.

एस.टी.चे स्वतःचे माप ‘भारमान’ हे आहे. उपलब्ध आसनांपैकी किती भरली, याचे ते टक्केवारीतील प्रमाण होय. भारमान सतत कमी राहिले, की फेरी बंद करण्याचा विचार होतो. खेड्यात रात्री थांबणारी मुक्कामी गाडी या हिशेबात बहुधा तोट्याची ठरते. तथापि पहाटे शाळा-महाविद्यालयास निघणारी मुलगी, रुग्णालय गाठावयाचा आजारी माणूस किंवा भाजीची पाटी घेऊन निघालेली बाई यांच्या दृष्टीने दिवसातील तीच एक गाडी उपयोगाची असते. मुलींसाठी असलेली अहिल्याबाई होळकर मोफत पास योजना अशाच फेऱ्यांवर अवलंबून आहे. पास हाती असून गाडी नसेल तर त्या पासाचा उपयोग नाही. फेरी बंद झाल्याने शिक्षण सुटलेल्या मुलीची नोंद आगाराच्या कोणत्याही तक्त्यात होत नाही, आणि भारमान मात्र सुधारलेले दिसते. बंद झालेल्या सेवेमुळे झालेली हानी मोजणारा निकष अद्याप रूढ झालेला नाही, ही या विषयातील सर्वांत मोठी उणीव आहे.

बार्शी लाइट रेल्वेच्या मार्गाचे रुंदमापीत रूपांतर टप्प्याटप्प्याने झाले. जुना मार्ग उस्मानाबाद (आताचे धाराशिव) शहरास स्पर्श करीत नव्हता. नवा मार्ग वळवून तेथे नेण्यात आला. लातूर ते उस्मानाबाद हा भाग सप्टेंबर २००७ मध्ये व उस्मानाबाद ते कुर्डुवाडी हा भाग ऑक्टोबर २००८ मध्ये चालू झाला, मिरजेपर्यंतचे काम त्यानंतर संपले. कुर्डुवाडीची अदलाबदल नाहीशी झाली. नव्या मार्गाबरोबर नवे वादही आले. मुंबई-लातूर गाडी २०१७ मध्ये बीदरपर्यंत वाढविण्यात आली तेव्हा लातुरात आंदोलन झाले. रेल्वेच्या दृष्टीने तेच डबे अधिक अंतर धावत होते, म्हणजे त्यांचा वापर सुधारला होता. लातूर व त्यापुढील स्थानकांवर चढणाऱ्यांच्या दृष्टीने गाडी भरून येत होती. माप एकच, पण ते कोणत्या फलाटावर उभे राहून घेतले यावर त्याचा अर्थ पालटतो.

या मार्गाचा सर्वांत मोठा उपयोग ज्या कामासाठी झाला, ते काम मात्र त्याच्या कोणत्याही अंदाजपत्रकात नव्हते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरचे जलस्रोत आटले. मिरजेहून निघालेली पहिली ‘जलदूत’ गाडी १२ एप्रिल रोजी पहाटे लातुरात पोहोचली. दहा वाघिणींत तिने सु. ५ लाख लिटर पाणी आणले. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या एका खेपेस सु. २५ लाख लिटर पाणी आणू लागल्या व पावसाळ्यापर्यंत त्या चालू राहिल्या. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, उस्मानाबाद व मुरुड या स्थानकांवरून जाणाऱ्या या गाड्यांचा मार्ग काही वर्षांपूर्वीपर्यंत अरुंदमापी होता.